देवकते सरांचे शेवटचे लोफर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्टाफरूमच्या कपाटावर पेपरांचे जुने गठ्ठे साठतात तसे तेही साठत जातात. कुणी ठेवले ते आठवत नाही आणि टाकून द्यायचा धीरही होत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं मराठी शिकवतोय. माझ्याजवळच्या किश्श्यांपैकी निम्मे तरी शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एकाच माणसाचे आहेत, ते म्हणजे फिजिक्सचे देवकते सर. आणि त्यातलेही बरेचसे त्यांच्या एका बुटांच्या जोडाचे!

हा जोड लोफरचा. लेस नाही, बक्कल नाही, पाय सरकवला की झालं. नावावरचे सगळे विनोद स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी करून संपले, त्यामुळं ते सोडून बाकीचं सांगतो.

*

सुरुवात अकरावीच्या वर्गात झाली. सर घर्षण शिकवत होते. फळ्यावरून वर्गाकडं वळले आणि डाव्या बुटाचा तळ जागेवरच राहिला! वरचा बूट तेवढा सरांबरोबर वळला.

वर्ग हसायच्या आत सर म्हणाले, "बघा. तळ आणि फरशीतलं घर्षण, तळ आणि गोंदाच्या पकडीपेक्षा जास्त झालं की असं होतंय. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं!

स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी तो तळ टेबलावर ठेवला. "दर जूनला बूट घेतो, दर मार्चला तळ सुटतो. आता एकच घेणार. नोकरीत चालंल, लग्नात चालंल, रिटायर झाल्यावर बी चालंल असा. परत बूट घ्यायचाच न्हाय."

*

मग निवड सुरू झाली. सरांनी ग्राफच्या वहीत तक्ता आखला. आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले, कारण सल्ल्याला काही खर्च येत नाही. कुणी म्हणालं टोकदार घ्या, कुणी म्हणालं चकाकणारे घ्या. मी म्हणालो, "ते पुढं गोंडे असतात बघा, ते बरे दिसतात."

"गोंडे? मी काय पोळ्याचा बैल हाय का?"

गोंडे गेले. टोक गेलं, "फॅशन बदलली की टोक पहिलं जातंय" म्हणून. चकाकी गेली. उरला तो गडद तपकिरी, गोल नाकाचा, वर एक आडवी पट्टी असलेला साधा बूट. मी म्हटलं, "सर, ह्यात नवीन काय आहे?"

"न्हायच. जे नवं दिसत नसतंय ते जुनं बी होत नसतंय."

हे वाक्य मी आजवर तीन निरोपसमारंभांत वापरलंय आणि एकदाही त्यांचं नाव घेतलेलं नाही.

*

खरेदीला धाराशिवला जायचं ठरलं. ओळीनं तीन रविवार गेलो आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी सहाला! सरांचा नियमच होता. "संध्याकाळी पाय सुजलेला असतोय. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतोय. म्हणून बूट घ्यायचा तो संध्याकाळीच." हा नियम त्यांनी आम्हाला, पोरांना आणि घरच्यांना इतक्या वेळा ऐकवला होता की त्यांचा उंबरासुद्धा तो म्हणून दाखवील.

दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. सरांनी बूट वाकवून बघितला, हुंगला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला. मग खिशातून लॅबमधलं भिंग काढून तळाची शिलाई तपासायला लागले. चिकटवलेला तळ नको, शिवलेला पाहिजे. शिवलेला असला की झिजल्यावर बदलता येतो.

 शेवटी चाचा म्हणाले, "सर, जावई बघताना बी लोकं इतकं बघत न्हाईत!"

"जावयाचा तळ सुटला तर निभावून नेता येतंय, चाचा. बुटाचं तसं न्हाय."

तिसऱ्या रविवारी जोड पक्का झाला. माप आठ. "माझंही आठच," असं मी उगाच बोलून गेलो आणि पुढं ते मला भोवलं.

*

सोमवारी नवे बूट बघायला सगळा स्टाफ वेळेआधी हजर! आमचे शिपाई महादेव मामा तर गेटवरच उभे होते.

देवकते सर आले ते अनवाणी.

"सर, चोरी झाली का?" मामांनी विचारलं.

"न्हाय. डब्यात हायेत."

झालं होतं असं. आम्ही धाराशिवात तळ तपासत होतो तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तुळजापुरात देवीसमोर उभ्या होत्या. त्यांची मुलगी अश्विनी सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती आणि दोनदा थोडक्यात हुकली होती. पोरीनं जेवण कमी केलं होतं, कुणाशी बोलत नव्हती. वहिनींनी नवस बोलला: पोरगी नोकरीला लागेपर्यंत ह्यांच्या पायात काही घालणार नाही.

ह्यांच्या! स्वतःच्या नाही!

सरांनी घरी विचारलं होतं म्हणे, "अगं, नवस तुझा तर पाय माझे कसे?"

वहिनी म्हणाल्या होत्या, "नवसाला आवडीचं सोडावं लागतंय. मला कशाची आवड हाय? म्हणून तुमची आवड सोडली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही तर हे काही मानत नाही."

"मानत न्हायच. पर परीक्षा पोरीची हाय. प्रयोग करून बघायची ही वेळ न्हवं."

*

पुढं तपासणीसाठी एक मोठे साहेब आले. सर्वांत पुढं इन केलेला शर्ट, कडक इस्त्री आणि अनवाणी देवकते सर! साहेबांनी पायांकडं बघितलं आणि मामांना हळूच विचारलं, "हे असे का?"

मामा म्हणाले, "तुळजापूरचं हाय, साहेब."

साहेबांनी पुढचं काही विचारलं नाही. तिथंच बूट काढले. साहेबांनी काढले म्हणून प्राचार्यांनी काढले, प्राचार्यांनी काढले म्हणून आम्ही. त्या वर्षीची सगळी तपासणी अनवाणी झाली! शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, "वातावरण सात्त्विक आहे."

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मात्र सरांना तेव्हापासून प्रवेश बंद झाला.

*

आता माझं माप. एका शनिवारी सरांनी मला घरी बोलावलं आणि डबा पुढं केला. "घाला."

"मी?"

"चामडं नुसतं ठेवलं की ताठ होतंय. त्याला चालवावं लागतंय. तुमचं माप आठच हाय."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या अंगणात, फाटकापासून हापशापर्यंत वीस फेऱ्या मारायचो. सर अनवाणी शेजारून चालायचे, नजर बुटांवर. "टाच घासू नका. वळताना पाय उचला." बाभळीचा काटा त्यांच्या पायात मोडायचा आणि सूचना मला! खरं सांगतो, बूट इतके मऊ होते की शनिवारची मी वाट बघायला लागलो होतो. याची मला तेव्हाही लाज वाटायची.

परीक्षा पुढं गेली. मग आणखी पुढं गेली. दोन उन्हाळे सर डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं सावली शोधत कॉलेजला आले. टाचांना भेगा पडल्या, पंजे रुंद झाले.

वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या, पण सरांच्या पायांकडं बघायच्या नाहीत. एकदा फाटकाशी मला म्हणाल्या, "सर, मी चुकले का हो? पर आता माघारी कसं घेऊ? पोरीचं हाय."

मी खाली बघितलं. पायात त्यांच्याच नवऱ्याचे बूट होते.

*

निकाल लागला तो शनिवारीच. मी हापशाजवळ होतो, सोळावी फेरी. घरातून अश्विनीचा आवाज आला, "अण्णा, लागलं! नाव लागलं!"

सर धावले. वहिनी चुलीवरचं तसंच टाकून धावल्या. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि माझेही डोळे भरून आले. घाईघाईनं मी बूट काढले आणि पुढं धरले. "सर, घाला आता!"

सरांनी डोळे पुसले. म्हणाले, "नवस 'नोकरीला लागेपर्यंत' असा हाय. यादीत नाव म्हंजे नोकरी न्हवं. हजर होऊ द्या."

आणखी पाच महिने!

*

अश्विनी हजर झाली आणि पहिल्या सुट्टीला सगळे तुळजापूरला निघालो. मलाही नेलं, "बुटाकडून" म्हणून. पहाटेच निघून दर्शन उरकलं. बाहेर ओटीच्या सामानाच्या एका दुकानापुढं सर पायरीवर बसले. वहिनींनी पिशवीतून डबा काढला. पॉलिश त्यांनी स्वतः केलं होतं. अश्विनीनं खाली बसून बापाचे पाय ओल्या फडक्यानं पुसले आणि उजवा बूट पुढं केला.

पाय जाईना.

दुकानदारानं पावडर दिली. मी मागून टाच दाबली. सरांनी उभं राहून जोर लावला. अर्धा पंजा आत, अर्धा बाहेर. डावाही तसाच. दोन वर्षं मातीत मोकळा फिरलेला पाय आता आठात मावत नव्हता.

 वहिनींचा चेहरा पार उतरला. डब्याचं झाकण हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हे. इतक्या हौसेनं आणला होता तुम्ही."

सरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग बूट काढला, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि वर्गात बोलतात तशा शांत आवाजात म्हणाले, "तुझ्यामुळं कशाला? पाय सुजलेत. संध्याकाळचे सुजतच असतात. मी सांगितलं न्हवतं का?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "व्हय की. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

"संध्याकाळीच सुजतात, अण्णा," अश्विनी म्हणाली आणि तिनं बूट नीट डब्यात ठेवले.

मी घड्याळात बघितलं. सकाळचे साडेआठ वाजले होते.