मानेचा पेरू

पुण्याच्या मंडईत मी पहिल्यांदा नासपती पाहिली, तेव्हा क्षणभर वाटलं, आमच्या मळ्यातला पेरू इथं कसा आला? तशीच निमुळती मान, तसंच खाली जड होत गेलेलं पोट. उचलून हुंगली. वास जवळजवळ नव्हताच. विकणारी बाई हसली, म्हणून ओशाळून खाली ठेवली.

आमचा पेरू म्हणजे बारामतीजवळ, पिंपळीच्या शिवारातलं एकच झाड. सगळे त्याला ‘मानेचा’ म्हणत. साल खरबरीत, पिकली तरी पुरती पिवळी न होणारी. आत पांढरा, घट्ट गर आणि मोजक्या बिया. पाडाला आलेलं फळ दोन दिवस कोपऱ्यात कडब्यात ठेवलं की घरात येणारा माणूस बोलायच्या आधी वासानं तिकडे बघायचा. त्याच्या बिया आम्ही कितीदा तरी लावल्या. झाडं आली, पण फळं गोल आणि बियाळ. इंदापूरच्या मामांनी नेलेल्या बियांचंही तेच झालं. “तुमचा पेरू माहेर सोडीत न्हाय,” असं मामा आईला चिडवायचे.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. शेतकी शिकत होतो, पण घरी आल्यावर काही सांगायला जीभ रेटत नसे. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की कालव्याचं पाणी हाताशी आहे, तर त्या तुकड्यात आता ऊस लावायचा. झाड मधे येत होतं.

“ह्या मृगाला बहार कसा येतोय बघू. न्हाय आला तर काढायचं.”

मी भीत भीत म्हटलं, “बियांनी नाही, पण फांदीला गुटी बांधून तिथंच मुळं फुटवली की तसंच झाड मिळतं. आम्हाला शिकवलंय.”

“कालेजात झाडाला पट्ट्या बांधाया शिकवत्यात व्हय?”

“बांधू द्या की,” आई म्हणाली. “कुणाचं डोकं तर फोडत न्हाय त्यो.”

पाच फांद्यांची साल बोटभर गोल काढली, तिथं माती-शेणाचा गोळा लावला आणि वर गोणपाट गुंडाळलं. प्रत्येक गुटीवर भोक पाडलेलं एक मडकं टांगलं. भोकातल्या चिंधीवरून थेंब थेंब पाणी गोळ्यावर उतरायचं.

तेव्हा झाड ताणावर होतं. मृगाचा बहार हवा तर चैत्र-वैशाखात पेरूचं पाणी तोडतात. पानं गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. मग पावसाच्या तोंडाला खत-पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. दुपारी मी त्या उघड्या फांद्यांखाली पडून राहायचो. पाची मडकी हळूहळू ठिबकत असायची. ऊन पांढरं व्हायचं, दूरची मोट ऐकू यायची आणि थांबायची. डोळा लागला की वाटायचं, गुट्यांच्या आत काहीतरी चाललंय आणि ते माझ्याच बोटांना कळतंय. जागा झाल्यावर मडकी भरायची आणि घागरीत उरलेलं पाणी बुडाशी ओतायचं. उन्हात वाळलेल्या झाडाला तहान लागली असेल, एवढंच मनात यायचं. ताण म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तरीही ओतत राहिलो.

एका सकाळी फांद्यांच्या टोकांना तांबूस कोंब दिसले. मला आनंद झाला. आबा मात्र खाली बसले आणि बुडाची माती चिमटीत घेऊन बघत राहिले.

“पाणी कुणी घातलं?”

“मी. रोज थोडं.”

“आरं, निजलं व्हतं ते. मधीच उठीवलंस.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अवेळी आलेली फुलं उन्हानं करपून गळाली. मृगाला झाडावर नुसता पाला होता. झाडाचं काय होणार हे मला ठाऊक होतं. मी कॉलेजात परत गेलो.

दिवाळीला आलो तेव्हा झाड उभंच होतं. मडकी भरलेली होती. आई म्हणाली, “पावसानं ओढ दिली, तवा तुझं आबाच भरायचं. आमाला हातसुदीक लावू दिला न्हाय.”

पाचांतल्या तीन गुट्या वाळल्या होत्या. उरलेल्या दोन्हींच्या गोणपाटातून पांढरी मुळं बाहेर आली होती. मी त्या फांद्या गुटीखालून कापल्या आणि आबांच्या हातात दिल्या. त्यांनी मुळांवरून अंगठा फिरवला.

“ह्याच्या फळाला मान येईल?”

“येईल… बहुतेक.”

“बहुतेक नगं. येईल का न्हाय, ते सांग.”

“येईल,” मी म्हणालो.

उसाच्या पहिल्या सरीसाठी त्यांनी रेघ आखून ठेवली होती. ती पायानं पुसून त्यांनी काठीनं चार हात आत नवी रेघ ओढली. मोकळ्या राहिलेल्या पट्टीत दोन खड्डे घ्यायला मला सांगितलं आणि स्वतः जुन्या झाडासाठी कुऱ्हाड आणायला गेले.