येते हं

सर्फिंग शिकायला आलेल्या आमच्या गटात साठीच्या एक बाई होत्या. बोर्ड काखेत धरून पाण्यात शिरण्याआधी त्या दर वेळी वाळूत बसलेल्या नवऱ्याकडे वळून म्हणायच्या, "येते हं." जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्या आहेत.

मग लाट त्यांना बोर्डावरून पाडायची, घुसळायची आणि पुन्हा किनाऱ्यावरच आणून टाकायची. नाकातलं पाणी शिंकरत त्या ओरडायच्या, "आले!"

"दिसतंय," म्हणत नवरा टॉवेल पुढे करायचा.

निघताना आपण 'जाते' म्हणत नाही. दारात चपला घालताना 'येते' इतक्या सवयीने म्हणतो की त्यातलं येणं ऐकूच येत नाही. इथे समोर लाट उभी असताना मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. वाटलं, हा शब्द शूर माणसांनी केलेला नसणार. पाय लटपटत असूनही निघालेल्या कुणीतरी केला असणार.

मी मात्र निघालेच नव्हते. एकटीने हौसेने ही सुट्टी ठरवली, आणि आता पाठ दुखते असं शिक्षकाला खोटंच सांगून वाळूत बसले होते.

बाई पुन्हा निघाल्या. मीही बोर्ड उचलला. माझं असं किनाऱ्यावर कुणी नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "येते हं, काका."

त्यांनी माझ्या चपला भरतीच्या पाण्यापासून दूर उचलून आपल्याजवळ ठेवल्या.

"सावकाश ये," ते म्हणाले.