पुढे मी, मागे तो

सायकल मी चौतिसाव्या वर्षी शिकले, आणि तीही भूकंपामुळे. पुण्यात वाढलेल्या बाईला सायकल येत नव्हती हे ऐकून लोक अजून हसतात. हसू देत. आमच्या घरी दादाला सायकल मिळाली आणि मला नाचाचा क्लास मिळाला, त्याला मी काय करणार?

भूकंपाच्या दिवशी तोक्योतल्या ट्रेन बंद पडल्या आणि माझा नवरा त्याच्या संशोधन संस्थेपासून हिगाशी-कसाईच्या आमच्या घरापर्यंत चालत आला. पोचला तेव्हा उजाडायला आलं होतं. मी तोवर इमारतीच्या जिन्यात बसून होते, कारण घरात भांडं जरी वाजलं तरी मी दार उघडून बाहेर पळायचे. त्याने बूट काढले, पायाचे फोड बघितले आणि पहिलं वाक्य बोलला, "तुला सायकल यायला पाहिजे." मला वाटलं, चालून चालून याचं डोकं फिरलं. पण त्याचं म्हणणं सरळ होतं. पुन्हा असं झालं तर तो एकीकडे आणि मी दुसरीकडे, असं अडकायचं नाही. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं त्या महिन्यात भारतात परत गेली. आम्ही राहिलो, आणि दोन सायकली घेतल्या.

जुन्या एदोगावा नदीच्या बांधावर तो मला शिकवायचा. कॅरिअर धरून मागे पळायचा आणि मी "सोडू नकोस, सोडू नकोस" म्हणून ओरडायचे, तेही मराठीत, त्यामुळे फिरायला आलेले आजोबा थांबून बघायचे. त्याने कधीच सोडून दिलं होतं हे मला चांगलं दोनशे मीटर गेल्यावर कळलं. त्यावरून मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. पण सायकल यायला लागली.

मग त्याने पोटातली गोष्ट बाहेर काढली. पीएचडी करत असताना तो एका परिषदेसाठी फ्रान्सला गेला होता. परिषदेच्या बसने त्यांना द्राक्षबागांच्या भागातून नेलं. कमरेएवढ्या वेलींच्या रांगा, मधून अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर एक वयस्कर जोडपं सायकलवरून आरामात चाललेलं. बाईंच्या बास्केटमधून लांब पाव डोकावत होता. मागे दगडी घरांचं जुनं गाव. बस पुढे गेली, संपलं. एवढंच. पण माझा नवरा त्या बसच्या खिडकीपासून कधी उठलाच नाही. मी त्याला चिडवायचे, "काय, आला का तुमचा स्टॉप?" आता मला सायकल येत होती, म्हणजे जोडपं पूर्ण झालं होतं. "आपण दोघं जायचं," तो म्हणाला. एवढ्या आनंदात मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

अडचण माझी होती. फ्रान्समध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतात डावी बाजू, जपानमध्येही डावी. मी नुकती कुठे तोल सांभाळायला लागलेली, आणि आता सगळं जग उलटं करून चालवायचं? चौकातल्या सर्कलला कुठल्या बाजूने वळायचं, हे तर मला उमगायचंच नाही. तो जेवणाच्या टेबलावर मसुराच्या डाळीचं सर्कल करायचा. मिठाची बाटली म्हणजे मी, मिरपुडीची म्हणजे तो. मीठ दर वेळी ट्रकखाली जायचं. "आणखी एक वर्ष सराव करते," मी म्हणाले, "मग जाऊ."

सरावासाठी आम्ही शिओजिरी हे डोंगरातलं द्राक्षांचं गाव शोधलं. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनवरून सकाळची ट्रेन, सायकलींची चाकं काढून त्या पिशव्यांत भरलेल्या, कारण इथे तशाच न्याव्या लागतात. डोंगर सुरू झाले की तो खिडकीला नाक लावून बसायचा. शिओजिरीच्या फलाटावरच द्राक्षाचा वेल चढवलेला आहे. गावाबाहेर पठार लागतं आणि पठारभर बागा. सप्टेंबरच्या शेवटी पिकलेल्या हिरव्या, नायगारा जातीच्या द्राक्षांचा वास रस्त्यावर इतका दाट असतो की नुकता नाश्ता झालेला असला तरी भूक लागते. जुन्या बागांना डोक्याएवढे मांडव, आपल्या तासगावकडे असतात तसेच. वाइनच्या द्राक्षांच्या मात्र तारेवर बांधलेल्या बुटक्या रांगा. त्या लागल्या की तो म्हणायचा, "हे बघ, अगदी तिथल्यासारखं." मग सेबा, मोतोयामा ही जुन्या हमरस्त्यावरची मुक्कामाची गावं. मोतोयामातली घरं रस्त्याला सरळ तोंड करून उभी नाहीत, प्रत्येक घर जरासं तिरकं. समोर उरलेल्या तिकोनी तुकड्यात कोणी शेवंती लावलेली, कोणी मुळा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथल्या एका बाकावर आम्ही मेथीचे धपाटे खायचो.

"इथे कोणी नाहीये. जरा उजवीकडून चालवून बघ," तो म्हणायचा.

"पोलीस धरतील."

"पोलीस कुठून येणार इथे?"

"जपानमध्ये पोलीस कुठूनही येतात," मी म्हणायचे, आणि विषय संपायचा.

हे दर शरद ऋतूत. जानेवारी आला की तो फ्रान्सची तिकिटं बघायचा, आणि मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. माझं पुढचं वर्ष आमच्या घरात एक विनोद झाला होता. ओजिमाला राहणारी माझी मैत्रीण फोनवर विचारायची, "काय गं, पॅरिस की शिओजिरी?"

सुरुवातीला तो पुढे असायचा आणि मी मागून धापा टाकत. मग कधीतरी ते बदललं. "तू पुढे हो," तो म्हणाला, "माझं लक्ष राहतं तुझ्यावर." त्याने मला एक भडक नारिंगी जाकीट आणून दिलं. मला तो रंग मुळीच आवडत नाही. पण हा माणूस इतकी काळजी घेतो म्हटल्यावर काय बोलणार? मैत्रिणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझा नवरा मला पाठीमागे टाकून जात नाही. त्याच सुमारास तो उन्हं कलायच्या आत स्टेशनवर परतायची घाई करू लागला. थंडी वाजते म्हणायचा. रेल्वेखालच्या छोट्या बोगद्यात उतरून सायकल हातात धरून चालायचा. घरी चहाचे कप कलंडू लागले, आणि मी म्हणायचे, "प्रोफेसर, लक्ष कुठाय?"

एका जानेवारीत मात्र त्याने नेहमीपेक्षा जास्त लावून धरलं. "या वर्षी जाऊ या. तू सायकल नको चालवूस. मी चालवतो, तू गावागावात बसने येऊन भेट." मला ते लागलं. एवढा सराव केला तो काय बसने जायला? "पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणाले, "सायकलवरच येईन." तो म्हणाला, "बरं."

पुढच्या वर्षी कोरोनाची साथ आली. सगळ्या जगानेच सगळं पुढच्या वर्षावर टाकलं, त्यामुळे मला कोणी दोष देऊ शकत नव्हतं.

निर्बंध सैल झाल्यावर आम्ही पुन्हा शिओजिरीला गेलो. त्या दिवशी मी मनाशी पक्कं ठरवून गेले होते. संध्याकाळी ट्रेनमध्ये बसलो की त्याला सांगायचं, वसंत ऋतूतली तिकिटं काढ, मी तयार आहे. मला खरंच भीती उरली नव्हती. ऊन होतं म्हणून मी जाकीट काढून बास्केटमध्ये कोंबलं. बागांमधल्या सरळ रस्त्यावर एके ठिकाणी जांभळे घड उन्हात इतके छान दिसत होते की मी न सांगताच डावीकडच्या गल्लीत वळले. तो सरळ पुढे गेला. पाठोपाठ लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला.

रस्त्याच्या कडेला शेतकऱ्याचा छोटा पांढरा ट्रक उभा होता, मागची फळी खाली पाडलेली. स्वच्छ उजेडात, रिकाम्या रस्त्यावर, तो त्या फळीवर जाऊन आदळला होता. हनुवटी फुटली होती. मांडवाखालून एक आजी कात्री टाकून धावत आल्या. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या हनुवटीवर दाबला आणि ट्रक तिथे लावल्याबद्दल आमचीच पुन्हापुन्हा माफी मागू लागल्या.

"अरे, एवढा मोठा ट्रक दिसला नाही?" मी ओरडले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

तो त्या फळीवर बसला. "कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं, मधलं. तू पुढे असलीस की तुझ्या जाकिटामागून येतो."

मी खाली मान घालून मनातल्या मनात वर्षं मागे नेऊ लागले. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, त्याने तिथेच सांगितलं, कडेकडून आत सरकत येणारा, औषध नसलेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं ते त्या जानेवारीच्या आधी. ज्या जानेवारीत तो इतका हट्टाला पेटला होता, त्याच्या आधी. तो माझी काळजी घेतोय असं मी समजत होते, आणि खरं तर मीच त्याला वाट दाखवत होते, मला त्याचा पत्ताही नव्हता. आजी विचारत होत्या की अँब्युलन्स बोलावू का. मला जपानी शब्द आठवेनात.

हनुवटीला टाके घालून आम्ही परतीच्या ट्रेनमध्ये बसलो आणि तिथे मी त्याच्याशी भांडले. ट्रेनमध्ये इथे कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून हळू आवाजात भांडले, आणि ते जास्त वाईट झालं.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं असतंस. घाबरत घाबरत सगळा रस्ता सायकल चालवली असतीस, माझ्यासाठी. तू मजेत सायकल चालवतेयस असं मला बघायचं होतं."

"घाबरले असते," मी म्हणाले, "पण गेले असते."

तो हनुवटीवरची पट्टी चाचपत राहिला. मी जिंकले, आणि शिंजुकू येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत बसलो.

त्यानंतर मी त्याच्या खूप मागे लागले. आता जाऊ, लगेच जाऊ, मी सगळं बघते. तो नाही म्हणाला. नळीतून बघावं तेवढंच आता त्याला दिसत होतं. "तिथे जाऊन एकेक पान शोधत बसू का?" तो म्हणाला. "ते सगळं एकदम दिसायचं असतं गं. डोंगर, रस्ता, माणसं, सगळं एकदम."

पुढे ती नळीही गढूळ झाली. शिओजिरी ज्यात येतं त्या नागानो भागात दोन जणांची सायकल रस्त्यावर चालवायला फार पूर्वीपासून परवानगी आहे, हे त्यानेच शोधून काढलं, आणि ती भाड्याने देणारं दुकानही. आता आम्ही शिओजिरीला तीच घेतो. पुढे मी, मागे तो. वळण, खड्डा, ब्रेक, सगळं मला ओरडून सांगावं लागतं. आणि दिसेल तेही सांगायचं असतं. त्यात मी कच्ची आहे. "पानं लाल झालीत," मी म्हणते. "कसली लाल?" तो विचारतो. "लाल म्हणजे लाल," मी वैतागते, कारण समोरून गाडी येत असते. मग वाटतं, याला बघायला इतकी वर्षं होती, आणि ती मी सरावात घालवली. कधी वाटतं, याने घालवली. दिवसाप्रमाणे हे बदलतं.

या भांडणाचा एकच मुद्दा शिल्लक होता. आपलं चुकलं हे त्याने कबूल करावं. ट्रेनमधल्या त्या दिवसापासून मला ते एक वाक्य हवं होतं. मी ते रागावून मागितलं, अबोला धरून मागितलं, एकदा तर त्याच्या वाढदिवशी मागितलं. तो म्हणायचा, "मला तेव्हा बरोबर वाटलं."

गेल्या शरद ऋतूत आम्ही बागा संपवून सेबाकडे निघालो होतो. काढणी झालेली होती, रस्ता मोकळा होता. मागून तो म्हणाला, "मी सांगायला हवं होतं तुला. पहिल्या दिवशीच."

मी वळून बघू शकत नव्हते; पुढे बसणाऱ्याला वळता येत नाही. वाटलं होतं, हे ऐकलं की मनावरचं ओझं उतरेल. तसं काहीच झालं नाही. इतके दिवस चूक त्याची आहे म्हणून मी चिडू शकत होते, आणि चिडत होते तोवर ती सहल अजून कुठेतरी बाकी आहे, भांडून परत मिळवता येईल, असं आत वाटत असावं. आता भांडायला काही राहिलं नाही. आम्ही गेलो नव्हतो, एवढंच राहिलं. ते वाक्य त्याने परत घ्यावं असं मला वाटलं.

"ऐकलंस का?" तो म्हणाला.

"ऐकलं," मी म्हणाले. "पुढे चढ आहे. जोर लाव."