तांदूळ धुऊन घेतलेलं घर

कारखाना बांधायला भिलाईत आलेल्या आम्हा लोकांना पत्र्याचा फार वैताग होता. कॅम्पातल्या खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या, छप्परही पत्र्याचं. उन्हाळ्यात आत बसवत नसे. माझी दोन वर्षांची पोर अंगावरच्या घामोळ्या खाजवत दिवसभर रडायची. त्यामुळे आमच्यातला कोणीही घर पाहायला गेला की आधी मान वर करी. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, दिसली की घर पसंत.

माझा नवराही तसाच. चरोद्याच्या अलीकडे तीन खोल्यांचं एक मातीचं घर विकायला होतं. मालक दुर्गचा, मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडचा आणि बोलायला गोड. नवऱ्याने कवेलू पाहिले, खालची लाकडं ठोकली आणि खूश होऊन परत आला. दुसऱ्या दिवशी मी गेले. आत गार होतं. मला तेवढं पुरे होतं. मालकाने सांगितलं की रेल्वेतला एक माणूसही हेच घर मागतो आहे, म्हणून आम्हाला घाई झाली.

नेमकी तेव्हाच सासू गावाहून आली. भंडाऱ्याकडची शेतकरी बाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जुंपून पाह्यलं काय?"

आमच्या गावी बैल बाजारात पसंत पडला तरी सौदा पक्का होत नसे. आधी घरी आणून जुंपायचा, दिवसभर राबवायचा, लंगडला तर परत. सासूचं म्हणणं, घरालाही हेच करायचं. तिथे चूल पेटवायची, रांधायचं, जेवायचं, मग हो म्हणायचं. मला राग आला. घर म्हणजे बैल नाही, असं मी तोंडावर बोलले.

"बैल खराब निघाला तं बाजारात नेता येते," ती म्हणाली. "घर कुठं नेशील?"

मालकाला हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. खुशाल रांधा म्हणाला, मीही जेवायला येतो.

रविवारी आम्ही भांडी, तांदूळ, डाळ घेऊन गेलो. चूल छान पेटली, धूर बाहेर गेला. सासू मान हलवत होती, मला वाटलं जमलं. मग तिने मागच्या खोलीत बसून तांदूळ धुतले आणि ते पाणी तिथेच जमिनीवर ओतलं. पांढरं पाणी दाराकडे जायचं सोडून भिंतीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. तिने आणखी ओतलं. तेही गेलं. भिंतीच्या बुडाशी शेणाचा ताजा पोतारा होता, तो तिने नखाने उकरला. आत मनगटापर्यंत हात गेला.

त्या खोलीच्या दाराला लाकडी पल्ला नव्हता, नुसता पडदा होता. पल्ला घरामागे गोवऱ्यांच्या आड ठेवलेला सासूने शोधून काढला. नवऱ्याने तो चौकटीला लावून पाहिला. बसेना. चौकटच कलली होती.

पुढच्या दोन खोल्या मुरमावर होत्या. मागची नंतर कन्हारावर बांधलेली. कन्हार म्हणजे काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. आम्हाला ती काही नवी नव्हती. गावी तिच्यात आम्ही लाखोळी पेरायचो, तिच्यावर गोठासुद्धा बांधला नसता. पण पत्र्याखाली राहून राहून आम्ही पायाखाली पाहायचं विसरलो होतो.

मालक आला, पाटावर बसला. सासूने त्याला भात वाढला आणि सांगितलं की मागची खोली आम्हाला नको, ती पाडून तुमची लाकडं घेऊन जा, पुढच्या दोन आम्ही घेतो.

"आई, अर्धा बैल कोणी घेते काय?" तो म्हणाला.

"बैलाचा लंगडा पाय कापता येत नाही म्हून आमी तो परत करतो. इथं कापता येते."

त्याने भात कालवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला की रेल्वेवाला तिन्ही खोल्या आहेत तशा घेईल. माझी पोर पुढच्या खोलीत उघड्या जमिनीवर झोपली होती. होळीपासून ती दुपारी झोपली नव्हती. आता तिला उठवून परत पत्र्याखाली न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिन्ही घेतो, असं मी म्हणणारच होते.

"त्यालेही जेवाले बोलवा," सासू म्हणाली. "त्याच्यासमोर तांदूळ धुऊन दाखवू."

मालकाला घास तोंडात असतानाच हसू आलं. ठसका लागला, पाणी प्यायला, आणि पुन्हा भात मागितला. तेव्हा मी ओळखलं की घर आमचं झालं. पोरीला मी उठवलं नाही.

पाऊस लागायच्या आत मागची खोली पाडली. तिथल्या कन्हारात मी वांगी लावली. इतकी आली की मालक दुर्गहून पिशवी घेऊन यायचा आणि वर म्हणायचा, हा पाय उगाच कापू दिला.

पुढे कॅम्पातल्या बाया घर पाहायला जाताना मला सोबत नेत. मी जायची. तांदूळ मात्र त्यांना आणायला लावायची.