साडेसातची सून

टीव्हीवरच्या कुटुंबांबद्दल माझी मतं कडक आहेत आणि ती ऐकून घेणारं घरात कोणी नाही. तरी मी बोलते. साडेसातला मालिका लागते तेव्हा मी पोळ्या लाटत असते, आणि स्वयंपाकघराच्या दारातून अर्धा पडदा दिसतो. अर्धा पुरतो. ज्या घरात सकाळी सहा वाजता बायका गळ्यात हार घालून चहा आणतात, त्या घराबद्दल मत बनवायला सगळा पडदा कशाला हवा?

त्या घरात कुकरची शिट्टी होत नाही. ओट्यावर खरकटं भांडं नसतं. लाइट जात नाही. एक सण पंधरा दिवस चालतो आणि पंधरा दिवस कोणाचंही डोकं दुखत नाही. गावाकडची बाई म्हणून जिला आणतात तिची भाषा कोणत्याच जिल्ह्यात बोलत नाहीत. आमच्या जळगाव-धुळ्यात तर नाहीच नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे इतक्या मोठ्या दिवाणखान्यात टीव्ही कधी लागलेला नसतो. साहजिक आहे म्हणा. टीव्ही लावला असता तर त्यांची निम्मी भांडणं झालीच नसती.

थोरली सून तिथं दोनच प्रकारची असते. एक देवी, नाहीतर एक कपटी, जी आपले बेत भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं बोलते. मी स्वतः थोरली सून आहे, तेवीस वर्षं झाली. मला देवी होणं जमलं नाही आणि कपट करायला वेळ मिळाला नाही. माझ्यासारखी मधलीच कुठली बाई मी त्या पडद्यावर अजून पाहिलेली नाही.

सासूबाईंचं मात्र तसं नाही. त्या साडेसातला पाय धुऊन, पदर सारखा करून बसतात. जळगावात मेहरूणच्या आमच्या घरी येऊन त्यांना पन्नास वर्षं झाली, पण बोलणं अजून नरडाण्याकडच्या त्यांच्या माहेरचंच. मालिकेतल्या माणसांशी त्या त्याच भाषेत बोलतात. त्या मालिकेतली धाकटी सून त्यांची लाडकी. घरातलं सगळं ती एकटी करते, वर हसते, आणि कोणी टाकून बोललं तर तुळशीपाशी जाऊन रडते.

आमचीही एक धाकटी सून आहे. म्हणजे होती की आहे, हाच सगळा प्रश्न. ती माझी जाऊ, धुळ्याची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. ती आली आणि आठ दिवसांत माझं हसणं परत आलं. दुपारी आम्ही दोघी पापडाची लाटी खात त्या मालिकेची टर उडवायचो. ती नायिकेसारखी तीन वेळा मान वळवून दाखवायची आणि मला ठसका लागायचा.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधी नरडाण्याहून सासूबाईंच्या माहेरची माणसं आली होती. मालिका चालू होती. सासूबाई पाहुण्यांना पडदा दाखवत म्हणाल्या, "ती सून देखा. हासत हासत बठ्ठं करस. नही ते आमनी ही, एक काम सांगं की दोन शब्द ऐकाडस."

जाऊ पाण्याचे ग्लास उचलत होती. ती म्हणाली, "तिला ते करायचे रोजचे पैसे मिळतात, आई."

पाहुण्यांपैकी एक म्हातारे फस्सकन हसले. ते हसले नसते तर पुढचं काही घडलं नसतं असं मला आजही वाटतं. सासूबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. म्हणाल्या, "मंग तू बी जाय तठेच."

तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. माझा नवरा, दीर, पाहुणे, आणि चहाचा ट्रे घेऊन मी. कोणी काही बोललं नाही. मालिकेत असा प्रसंग आला की सगळं कुटुंब ओळीनं उभं राहतं आणि कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जातो. तेव्हा मी लाटणं आपटून ओरडत असते, अरे बोला ना कोणीतरी! त्या दिवशी मी त्या ओळीत उभी होते आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. चहा निवतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला या गोष्टीची लाज वाटते.

अखाजीला लेकी माहेरी जातातच. तीही गेली, नेहमीची बॅग घेऊन. आठ दिवसांनी यायची, ती आली नाही. महिना झाला, दोन झाले. दीर वरणगावला नोकरीला. रविवारी धुळ्याला जाऊन यायचे. येताना काहीही आणायचे नाहीत, बातमीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचे, "बरी आहे." घरातले पुरुष एवढ्यावर कसे जगतात कोण जाणे.

इकडे आषाढात मालिकेनं वळण घेतलं. त्या आदर्श सुनेवर चोरीचा आळ आला आणि सासूनं तिला घराबाहेर काढलं. ती एका देवळाच्या ओवरीत राहू लागली, अर्थात इस्त्रीच्या साडीत. सासूबाईंचं जेवण कमी झालं. रोज साडेसातला त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. "कशी रडी राहिनी देख. बिचारीनं कोनीच नही." मग त्या पडद्यावरच्या सासूकडे वळायच्या आणि तिला फैलावर घ्यायच्या: "एक फोन कर ना व माय! तुनं काय जाई?"

एकदा मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. म्हटलं, "आई, आपणही करू या की एक फोन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलले. "कसाले? तिनंच घर शे. सोताना घर येवाले बलावनं लागस का?"

"तुम्हीच जा म्हणाल्या होत्या."

"राग ना भरमा माणूस बोलस," त्या म्हणाल्या आणि आवाज वाढवला. माझा नव्हे, टीव्हीचा. आत पोळी जळाल्याचा वास आला.

लोक म्हणतात मालिकांनी घरं बिघडवली. मला तसं वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: मालिका आपली माया परस्पर खर्च करून टाकतात. साडेसात ते आठ सासूबाई एवढं रडतात, एवढं समजून घेतात, की आठ वाजता त्यांना आपण एका सुनेचं भलं करून आल्यासारखं वाटतं. मग धुळ्यातल्या सुनेसाठी काही उरत नाही. आणि मी तरी काय वेगळी? मी नावं ठेवते, मनातला सगळा राग तिथं काढते, आणि आठ वाजता पानं घेते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना सांगायचं तर, हा देवीचा सण भाऊबंदांचा. त्याच्या नैवेद्याच्या पुऱ्या-भाजीला रोट म्हणतात. रोटाचे गहू माणशी सव्वा मूठ मोजायचे. घरात जेवढी माणसं तेवढ्या मुठी. लेक लग्न होऊन गेली की तिची मूठ थांबते, सून आली की तिची सुरू होते. ज्यांची मूठ त्यांनीच तो रोट खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. आणि भाऊबंदांना बोलावणं धाडायचं नाही. ज्याचा रोट तो आपणहून येतो. बोलावलं तर पाहुणा ठरवल्यासारखं होतं.

आमच्या घरी मुठी सासूबाई मोजतात. न्हाऊन, दार लोटून, न बोलता. त्या वेळी टोकायचं नाही आणि किती मोजल्या ते विचारायचं नाही. पिशवी माझ्या हाती आली तशी मी गिरणीवर नेली. त्या दिवशी गिरणीवाला जातं धुऊन फक्त रोटच दळतो, म्हणून रांग होती. रांगेत मी पिशवी हातावर तोलून पाहत होते. वजनावरून काय कळणार? पण मी तोलत होते.

रविवारी सकाळी मी गच्चीवर जाऊन जावेला फोन लावला. "येतेस ना?"

मागे तिच्या आईच्या घरातला मिक्सर चालू होता. ती म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझी मूठ मोजली का?"

मला हो म्हणता आलं असतं. खोटं निघालं असतं तरी ती तोवर बसमध्ये बसली असती, आणि दारात आलेल्या सुनेला देवीच्या दिवशी कोण परत पाठवतं? मालिका बघताना मी दहादा ओरडले असेन, सांग ना बाई एक खोटं, कोणाचं काय बिघडतं! पण खाली कानबाईचा चौरंग मांडलेला होता, आणि माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"तुम्हाला माहीत नाही म्हणजे नाहीच मोजली," ती म्हणाली. "असू द्या. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." तिनंच माझी समजूत काढली आणि फोन ठेवला.

मी खाली येऊन सासूबाईंना विचारायला हवं होतं. टोकायचं नाही तर नाही, पाप लागलं असतं तर लागलं असतं. पण बायका गाणी म्हणायला जमल्या होत्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी चुलीवर होती, आणि उत्तर नाही असं आलं तर ते मला ऐकायचं नव्हतं. रात्री रोट वाढले, आम्ही खाल्ले. सोमवारी वाजतगाजत कानबाईला निरोप दिला.

सोमवारी साडेसातला मालिकेतली सून घरी परतली. अक्षता, आरती, सासूचे अश्रू, तीन बाजूंनी तीन वेळा. मी दारात पीठभरल्या हातांनी उभी राहून सासूबाईंकडे पाहत होते. आज त्या रडल्या नाहीत. मध्येच उठल्या, देवघरात गेल्या आणि झाकलेली एक ताटली घेऊन आल्या. पुऱ्या कडक झाल्या होत्या, भाजीला पाणी सुटलं होतं.

"खाई ले," म्हणाल्या.

"कोणाचं आहे हे?"

"तिनं."

तिचं, म्हणजे माझ्या जावेचं. "तुम्ही मोजली होती?"

"कसी नही मोजू? घरनी सून शे." त्या दाराकडे पाहत होत्या. "काल दिवसभर वाट देखी मी. आज बी देखी."

"मग धुळ्याला पाठवू या. ह्यांना सांगते, मोटरसायकलनं अडीच तासांत—"

"रोट घरबाहेर जास नही," त्या म्हणाल्या. "आते खराब व्हई. टाकानं बी नही. तू तिनी मोठी जाऊ, तूच खाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींतलं मी काहीच केलं नाही. जमिनीवर बसले आणि खाल्लं. एकेक घास पाण्याबरोबर उतरवला. त्या समोर बसून राहिल्या, ताटली रिकामी होईपर्यंत.

हात धुतले आणि तशीच गच्चीवर गेले. जावेनं दुसऱ्या रिंगला फोन उचलला.

"मोजली होती गं," मी म्हटलं. "तुझी मूठ मोजली होती. मला आत्ता कळलं."

पलीकडे ती रडायला लागली. मग रडता रडता हसली, मोकळी, पूर्वीसारखी. म्हणाली, "खरंच? मग ठेवलाय ना माझा रोट? सकाळच्या पहिल्या बसनं निघते मी, ताई. आई काही म्हणू देत, आधी बसून तो खाते."