काकांकडे ठेवलेली समुद्राची काठी

बारा फुटांची काठी घरी आली तेव्हा मी ती आधी टेपने मोजली. अकरा फूट अकरा इंच भरली. तो एक इंच मला कितीतरी दिवस खुपत राहिला. शंभर ग्रॅमची म्हणून आलेली शिशाची वजनं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून ठेवली. बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मासे धरायला निघालाय का चोर?"

मला हसू आलं नाही. दोन वजनं खरंच कमी भरली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता. कुणीतरी फसवतंय हे सिद्ध झालं की मला बरं वाटतं. या स्वभावापायी मी एका माणसाचं नुकसान केलं. ते कसं केलं हे मला क्रमाने सांगायचं आहे.

मी मूळचा लातूरकडचा. नोकरीमुळे पुण्यात आलो आणि पुढे मुळशीच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत घर घेतलं. मासेमारी मी इथेच शिकलो, तीही माले गावातल्या एका शेतकऱ्याकडून. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला सायेब म्हणतात. रविवारी सकाळी धरणाच्या काठावर आम्ही बसायचो. माझ्याकडे छोटी काठी असायची, त्यांच्याकडे एका बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी. तिला ते तंगूस म्हणतात. काकांची भातशेती आहे, आंबेमोहोर पिकवतात. एकदा मी त्यांचा तांदूळ सोसायटीतल्या दोघातिघांना दिला, मग हळूहळू पंधरा-सोळा घरं दर डिसेंबरला त्यांच्याकडूनच घेऊ लागली. गाडी सोसायटीच्या फाटकात उभी राहायची आणि तासाभरात रिकामी व्हायची. व्यापाऱ्याच्या दारात पोतं घेऊन उभं राहणं काकांना तेव्हापासून सुटलं होतं.

समुद्राचं खूळ माझं. ताम्हिणी घाट उतरला की दोन-अडीच तासांत कोकणचा किनारा, मग धरणाच्या काठावरच का बसायचं, असं मनात आलं. मी मोबाइलवर किनाऱ्यावरून मासे धरण्याचे व्हिडिओ पाहायला लागलो. लाटांच्या पलीकडे फेकायचं म्हणून काठी लांब हवी. रीळ मोठं हवं. फेकताना बसणारा झटका सोसायला दोरीच्या पुढे चार-पाच हात जाड तंगूस जोडावी लागते. वाळूत रुतून बसेल असं तारेचे पाय असलेलं शिसं हवं, नाहीतर लाट ते ओढून परत पायाशी आणून टाकते. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. व्हिडिओवाल्यांवरही माझा विश्वास नव्हता. शेवटची दोन-तीन मिनिटं आली की मी बंद करायचो, कारण तिथे सामान कसं सांभाळायचं हे सांगता सांगता ते कुठलातरी फवारा नाहीतर तेल विकायला काढतात. एकदा पाहिलं होतं, मग सगळेच तसे, असं मी ठरवून टाकलं.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं आणि काठावर मोठं उघडं मैदान पडलं. तिथे मी सराव केला. गळ न लावता नुसतं शिसं फेकायचं. काठी पाठीमागे नेऊन दोन्ही हातांनी झोकून द्यायची आणि योग्य क्षणी दोरीवरचं बोट सोडायचं. पहिल्या दिवशी बोट उशिरा सुटलं की शिसं पुढ्यात चिखलात, लवकर सुटलं की सरळ वर. काका बांधावर बसून बघत होते.

"आवं सायेब, आभाळात मासं हायेत व्हय?"

"समुद्रावर लांब फेकावं लागतं, काका."

"मासं लांब असत्यात ह्ये तुमास्नी कुनी सांगितलं? मासं खायाला येत्यात. खानं कुटं हाय त्ये बगा की."

काकांनी आयुष्यात समुद्रात मासा धरला नव्हता. ते मला शिकवतायत याचा राग आला. तरी ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघं घाट उतरून गेलो.

भरती चढत होती. मी वहीत लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. कोळंबी गळावर चढवून बारीक दोऱ्याने घट्ट बांधली, नाहीतर फेकताना ती सुटून भलतीकडेच जाते. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे शिसं गेलं. वारा अंगावर येत होता तरी चांगलं लांब गेलं. दोन तास मी त्या काठीच्या टोकाकडे बघत उभा होतो. काका किनाऱ्यावर इकडून तिकडे चालत राहिले. मग एका जागी थांबले. तिथे लाटेच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये पाणी काळपट दिसत होतं, लाट फुटत नव्हती. ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि हातानेच दोरी फिरवून फेकली, फार तर पंधरा-वीस पावलांवर. अर्ध्या तासात त्यांनी वीतभर लांबीचे, टोकदार तोंडाचे सहा चंदेरी मासे काढले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या एका बाईने मुडदुशी म्हणून नाव सांगितलं.

"ह्यो खड्डा हाय," काका म्हणाले. "लाट हितं माती उकरती. धरनाच्या काठाला ओढा पडतो तसं. टाका हितं, सायेब."

मी टाकलं नाही. मला वाटलं, त्यांना ही जागा आधीच माहीत होती. कुणाबरोबर तरी येऊन गेले असतील आणि माझ्यापासून लपवलं असेल. घाट चढताना हेच डोक्यात होतं. ते निम्मे मासे मला देत होते, ते मी घेतलेसुद्धा.

काठीची पिशवी मी काकांकडेच ठेवली. घरात वास येतो म्हणून बायको कुरकुरायची. ओट्यावर उतरवताना मी म्हणालो, "राहू दे तुमच्याकडे. वाटलं तर वापरा." आपण पाहुण्याला जेवायला थांबा म्हणतो तसं म्हणालो. तो जाणार हे धरूनच. आणि पिशवीच्या चेनला एक लाल दोरा बांधून ठेवला. डबीतले गळ मोजले. बारा होते.

पाच आठवड्यांनी पुन्हा निघालो. किनाऱ्यावर पिशवी हातात घेतली तर दोरा नव्हता. काठीच्या बुडाच्या रबराला वाळलेला चिखल. डबीत अकरा गळ. जाड तंगूस जिथे जोडली होती तिथली गाठ माझी नव्हती, काका बांधतात तशी जाड, दोनदा वळवलेली होती. रिळाची मूठ फिरवली तर आत करकर वाजलं. दोरी अडवणारी तारेची कमान बोटाने जोर लावून उघडावी लागली. मी सगळी ताकद लावून फेकलं आणि फेक अर्ध्यावर असताना कमान आपोआप मिटली. फटकन आवाज झाला, दोरी तुटली आणि शिसं एकटंच समुद्रात गेलं.

"आरं बापरे," काका म्हणाले. "कुनाला लागलं असतं तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली, निदान मला तसं वाटलं. मी ठरवून टाकलं. यांनी माझं रीळ धरणात बुडवलं, चिखलात आपटलं, बिघडवलं आणि गप्प बसले.

परतीच्या वाटेवर काका दोनदा काहीतरी बोलायला गेले. मी गाण्यांचा आवाज वाढवला. पिशवी त्या दिवशी घरी आणली. पुढच्या रविवारी काम आहे म्हणालो, त्याच्या पुढच्या रविवारी तब्येत.

डिसेंबर निम्मा सरला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आपले तांदूळवाले काका यंदा कधी येणार? मी लिहिलं, "यंदा जरा बघून घ्या. माणूस दिसतो तितका सरळ नाही. मला अनुभव आला." एवढंच. कुणी खोलात विचारलं नाही. एकीने लिहिलं, "तरीच मागच्या वेळी कण्या जास्त वाटल्या." मग दुसऱ्याने हायवेवरच्या एका दुकानाचं नाव सुचवलं. मला ते वाचून आधार वाटला. बघा, यांनाही वाटत होतंच की!

काकांची गाडी त्या वर्षी आमच्या फाटकात आली नाही. मला त्यांचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत.

जानेवारीत एका सुट्टीच्या दुपारी मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून ते रीळ खोललं. आत धरणाचा गाळ असेल, त्याचा फोटो काढून ठेवावा, असा माझा बेत होता. गाळाचा कणही नव्हता. कमानीच्या स्प्रिंगवर, दातेरी चाकांवर, सगळीकडे पांढरी पूड चढली होती आणि तिच्याखाली हिरवट गंज. मी बोटाला घेऊन ती जिभेला लावली. खारट!

धरणाचं पाणी खारट नसतं. मी मोबाइल काढला आणि जो व्हिडिओ मी सर्वांत जास्त वेळा पाहिला होता तो प्रथमच शेवटपर्यंत पाहिला. तो माणूस काहीही विकत नव्हता. समुद्रावरून आलात की त्याच दिवशी काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा, नाहीतर महिन्यात निकामी होईल, एवढंच सांगत होता. किनाऱ्यावरच्या कुणालाही हे सांगावं लागत नसेल. आम्ही धरणावरची माणसं. काठी फडक्याने पुसायची आणि कोपऱ्यात उभी करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. मी ती पहिल्या दिवशी ओली, वाळूसकट पिशवीत कोंबली होती आणि वर लाल दोरा बांधला होता.

दुसऱ्या दिवशी मी माल्याला गेलो. काका गोठ्यात होते. मी रिळाचं सांगितलं, मिठाचं सांगितलं.

"म्हंजी धुवाया पायजे हुतं," ते म्हणाले. "आपल्याला काय ठावं?"

"काका, तुम्ही काठी वापरली होती का?"

"व्हय की. येकदा. धरनावर जाऊन फेकली, लई लांब ग्येली. येक गळ खडकात आडकून तुटला. मंग दोरीचं टोक खरबडलं हुतं म्हून कापून नव्यानं गाठ मारली. तुमीच म्हनला हुता, वापरा. त्या दिशी गाडीत सांगनार हुतो, पर तुमी गानी लावली."

सगळं असं एका दमात, हातातलं वैरणीचं ओझं खाली न ठेवता. मला हायसं वाटलं, ते मी लपवत नाही. आता निघावं, बाकीचं त्यांना कळायचं कारण नाही, असं मनात आलं. मी निघालोच होतो.

"सायेब, येक इचारू? सोसायटीतल्या मान्सांनी औंदा तांदूळ का न्हाई नेला? म्या दोनदा फोन लावला तुमास्नी. काय खराब निगाला हुता का?"

खराब निघाला होता, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. माणूस दिसतो तितका सरळ नाही. मला अनुभव आला.

काकांनी वैरण खाली टाकली. आतून काकूंनी कोण आलंय म्हणून विचारलं. काकांनी विस्कटलेल्या पेंढ्या पायाने एकत्र केल्या. मग म्हणाले, "चार पोती पौडला व्यापाऱ्याला घातली. त्यो म्हनला, का वो, तुमची सायेब लोकं कुटं ग्येली? म्या म्हनलं, गावाला ग्येली असतील."

"मी आत्ता लिहितो, काका. सगळ्यांना कळवतो."

"लिवा."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं आणि वाचून दाखवलं. "तांदूळवाल्या काकांबद्दल माझा गैरसमज झाला होता. कृपया..."

"थांबा. गैरसमज म्हंजी काय?"

"म्हणजे, मला चुकीचं वाटलं होतं."

"वाटलं त्ये तुमच्या मनात. लिवलं त्ये लोकांत. लोकांत जे लिवलं त्येचं सांगा."

मी खोडलं. पुन्हा लिहिलं, "काकांचा काहीही दोष नव्हता, माझ्या ऐकण्यात..." आणि स्वतःच थांबलो. ऐकण्यात काही आलंच नव्हतं. तिसऱ्यांदा लिहिलं, "मी काकांबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. मला त्यांचा कसलाही वाईट अनुभव आलेला नाही. माझी वस्तू माझ्याच हातून बिघडली आणि मी त्यांचं नाव घेतलं."

वाचून झाल्यावर काकांनी मान हलवली. मी पाठवलं. आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. एकाने अंगठा टाकला. मग त्या कण्यावाल्या बाईंचा मेसेज आला, उद्याच्या पाण्याच्या टँकरबद्दल.

"आता कोन न्हेनार? त्यांनी भरून ठेवला आसंल," काका म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी स्वतः घरोघर जाईन."

"फुडल्या वर्साचं फुडं." त्यांनी वैरण उचलली. "समुद्राला मातुर आता तुमीच जावा, सायेब. धरनावर येत जावा, तितं सगळ्यांची जागा हाय."

मी गेल्या दोन रविवारी धरणावर गेलो. काका दोन्ही वेळा आले, आणि माझ्यापासून दहा-बारा हातांवर बसले. पूर्वी आमच्यात एवढं अंतर नसायचं. मी ते मोजलेलं नाही.