जिझोला लावलेलं वळण

ओसाकाच्या शिगेनोबू मासुओकाचं पोट सामन्याच्या सकाळी हटकून बिघडायचं. त्यावर उतारा म्हणून उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखार, तोंडात धरून तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा. खेळायचं त्याला नव्हतंच, फुटबॉल खेळायचे ते रोबो. शिट्टी वाजली की माणसानं हात लावायचा नाही. पडला तर रोबोनं आपलं आपण उठायचं. माणसांनी करायची ती फक्त काळजी, आणि ती मासुओका सगळ्यांच्या वाटची करायचा.

त्याच्याकडे गोलकीपर होता. वाटेवरच्या जिझो नावाच्या दगडी देवासारखा ढिम्म, म्हणून नावही जिझो. गेल्या साली मासुओकाची आई सामना बघायला आली. किशिवादा गावात तिचं सार्वजनिक स्नानगृह. गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकण्यात जन्म गेलेला. ती म्हणाली, "शिगे, याला चेंडू अडवायला शिकवलंस, वळण काही लावलं नाहीस. समोर पाहुणे, आणि हा ताठच्या ताठ."

मासुओकानं तशी सोय केली. शिट्टी ऐकली की जिझो वाकून नमस्कार करायचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना गंमत वाटली, कुणी काढा म्हणालं नाही.

यंदा उपांत्य सामना होता. हरलो तर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाला जाणार, असं प्रयोगशाळेचे प्रमुख कुरिमोतो सेन्सेई यांनी सकाळीच सांगितलेलं. संघ एका गोलनं पुढे होता, अन् पडद्यापलीकडच्या दुसऱ्या मैदानात शिट्टी वाजली. प्रयोगशाळेत एकच मैदान, एकच शिट्टी. इथे शेजारच्या सामन्याची शिट्टीही जिझोला ऐकू येईल, हा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. जिझो अदबीनं वाकला. चेंडू बाजूनं जाळ्यात गेला.

"मासुओकासान, तुमचं लेकरू फारच संस्कारी हो," कप्तान नागिसा म्हणाली. "चेंडूलाही या, बसा म्हणालं."

मध्यंतरात मासुओकानं लॅपटॉप उघडला तसे सेन्सेई मागे येऊन उभे राहिले.

"ऐन सामन्यात प्रोग्रॅमला हात लावू नये. एक ओळ काढायला जाल आणि चालायचाच थांबेल."

"हो, सेन्सेई."

"मग?"

"काढतो."

त्यानं नमस्काराची ओळ काढली. तपासायला सवड नव्हती.

उत्तरार्धात नागिसाच्या रोबोनं गोल केला, संघ पुन्हा पुढे गेला. शेवटी पलीकडची शिट्टी पुन्हा वाजली, नेमका प्रतिस्पर्धी समोर चेंडू घेऊन आलेला. जिझो वाकला नाही. पण हललाही नाही. गेलं, संपलं सगळं, असं मासुओकाला वाटलं. उमेबोशीची बी दाताखाली कचकन आली. तेवढ्यात जिझोचा डावा पाय सरकला, चेंडू नडगीवर आपटून बाहेर गेला.

सामना संपल्याची शिट्टी झाली. संघ एका गोलनं जिंकला, प्रयोगशाळेची खोली वाचली. समोरचा संघ रांगेत उभा राहिला, अन् जिझो ताठच्या ताठ. यंदाही आलेली आई वरच्या बाकावरून बघत होती.

मासुओका धावत जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि दोघांच्या वतीनं कमरेत वाकला. बराच वेळ तो वर आला नाही.